पिशाच्चाला 'जा' म्हणणं

हरीचे सुळे सांगलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी बनवले होते आणि ते प्रेमाच्या ऐन वाक्याला गळून पडायचे. माझं त्यानं काही बिघडत नव्हतं. सुळ्यांशिवायचा हरी मला जास्तच आवडायचा.

गोष्ट दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षातली. मी शरयू, सातारची, मॅट्रिक झालेली, गाता गळा असलेली आणि सिनेमात जाऊ देत नाहीत म्हणून घरात अन्नपाणी सोडून बसलेली. शेवटी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परवानगी दिली, पण गोदावरीआत्या सतत बरोबर राहील या अटीवर. आत्या राहिली, ती कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकूनच.

आमचे दिग्दर्शक गोपाळकृष्णपंत यांनी कॉलेजात एक इंग्रजी कादंबरी वाचली होती. तिच्यात मेलेला सरदार रात्री उठतो नि माणसांचं रक्त पितो. पंत म्हणाले, आपल्या लोकांना रक्त बघवायचं नाही, आपण प्रेम दाखवू. त्यामुळे आमचा सरदार, म्हणजे हरी, नायिकेच्या, म्हणजे माझ्या, मानेपर्यंत यायचा आणि तिथं थांबून विरहाचं पद म्हणायचा. त्याचे ओठ आणि माझी मान यांत एक वीत अंतर हवं, असं आत्यानं बजावलं होतं. वीत हरीची धरायची की आत्याची, या वादात अर्धी सकाळ गेली.

इंग्रजी सरदार म्हणे शवपेटीत झोपतो. पंतांनी आमच्या सरदाराला हरिपूरच्या पेवात झोपवलं. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठी. ते रिकामं होतं, आधी उघडून हवाही खेळवली होती, पण भिंतींना जुनी हळद होतीच. चेहऱ्याला पांढरा रंग फासून हरी आत उतरला आणि वर आला तो कानापर्यंत पिवळा. पेवांची राखण करणारा केरबा कडेला उभा होता.

"आवं पंत, ह्ये कसलं भूत?" तो म्हणाला. "ह्यो तर हळद लागल्याला नवरदेव हाय. वरात कवा काढताय?"

मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. हरीही हसला, त्याचा एक सुळा पडला, आणि मी त्याच्या प्रेमात पडले. तेव्हा बसून काही विचारबिचार केला असता तर बरं झालं असतं, पण विचार करायला डोकं जागेवर कुठं होतं.

हरी सांगलीचाच, नाटकात कामं करणारा. रंग लावला की वाघ, आणि एरवी भडंगाचा पुडा पुढे करतानाही कान लाल व्हायचे. मी त्याला आवडते हे सगळ्या कंपनीला दिसत होतं. फक्त तो बोलत नव्हता. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी बोलला, ते असं:

"उद्या सातारला जायचंय. आईनं मुलगी बघायचं ठरवलंय."

मी "छान" म्हणाले आणि त्याच्या हातातलं सगळं भडंग खाऊन टाकलं. तिखट होतं, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याची सोय झाली.

मग शेवटचा शॉट. आमंत्रण मिळाल्याशिवाय पिशाच्चाला उंबरा ओलांडता येत नाही, असा त्या कादंबरीतला नियम. हरी दाराबाहेरून म्हणणार, "येतो मी," आणि मी काळजावर दगड ठेवून म्हणणार, "जा." तो कायमचा जातो, मी रडते, चित्रपट संपतो.

"येतो मी," हरी म्हणाला.

"या," मी म्हणाले.

पंतांनी कॅमेरा थांबवला. "शरयूताई, 'या' म्हटलं की तो आत येतो. आमंत्रण झालं ते. 'जा' म्हणा."

दुसऱ्या वेळीही तोंडातून 'या'च निघालं. कुणी 'येतो' म्हटलं की 'या' म्हणायचं, हे जन्मापासून जिभेला लागलेलं. ती पंतांचं काय ऐकते.

"दारातल्या माणसाला 'जा' म्हणायचं वळण आमच्याकडे नाही," आत्या म्हणाली.

"आत्याबाई, तो पिशाच्च आहे."

"असेना. निघताना 'येतो' म्हणतोय की नाही? त्याला रीत कळते, तुम्हाला कळत नाही."

पंतांनी घाम पुसला. आता एकाच वेळेपुरती फिल्म उरली होती, आणि नवीन मिळवायची तर पुन्हा सरकारी परवाना. ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हरी खरंच चाललाय, असं मनात आणा." हे त्यांनी सांगायला नको होतं.

कॅमेरा सुरू झाला. मला सातारचं कुठलंसं माजघर दिसायला लागलं, हरीचा इस्त्रीचा कोट दिसला, आणि पोह्यांची बशी पुढे करणारी, खाली मान घातलेली कोणी एक. फार गोरी होती मेली.

"येतो मी," हरी म्हणाला. आवाज सरदाराचा नव्हता, त्याचा होता.

'जा' म्हटलं असतं तर चित्रपट पुरा झाला असता आणि हरी गेला असता. मला हरी हवा होता.

"या," मी म्हणाले. "आत या. सातारला जाऊ नका."

हरीनं सुळे काढून खिशात घातले. उंबरा ओलांडला, माझ्यासमोरून सरळ पुढे गेला आणि आत्यापुढे वाकून त्यानं नमस्कार केला.

"आत्या, ती मुलगी बघायला मी जात नाही. आईला आजच सांगतो. मला शरयू हवी आहे."

आत्यानं त्याला पगडीपासून पायापर्यंत न्याहाळलं. "गोत्र?"

हरीनं सांगितलं. चालत असावं, कारण आत्यानं अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेतली.

"मला काय विचारतोस? मुलगी माझ्या भावाची. त्याला जाऊन विचार."

"कुठं भेटतील ते?"

"कुठं म्हणजे? सातारला."

सगळी कंपनी माझ्याकडे बघायला लागली. हरीही दारापर्यंत जाऊन वळून बघत होता. एक पाय आत, एक बाहेर, असा उंबऱ्यावर घोटाळत.

"जा," मी म्हणाले. "मिळेल त्या मोटारीनं जा."

इतका मोकळा, घसघशीत 'जा' माझ्या तोंडून उभ्या जन्मात निघाला नव्हता. पंतांनी आशेनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरावाल्या बाळासोंनी मान हलवली. फिल्म केव्हाच संपली होती. आणि हरी 'येतो' म्हणायचंही विसरून, पगडी-अंगरख्यासकट मोटारीच्या अड्ड्याकडे पळत सुटला होता.