जेवणानंतर एक वाटी ओट्स

मी ओट्सचा पुडा बोलतोय. निरवांगीच्या दत्तोबांच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी उभा आहे. तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलाय. आत दोनच मुठी ओट्स उरलेत, वैताग मात्र पुडाभर आहे.

मी पिकलो ऑस्ट्रेलियात. बोटीने इकडे आलो, पुड्यात भरला गेलो आणि बारामतीच्या मॉलमध्ये येऊन बसलो. फळीवर शेजारी कॉर्नफ्लेक्स. "अमेरिकेत मला थंड दुधात घालून खातात," हे त्याचं दिवसभराचं पालुपद. पलीकडे म्यूसली. तिला म्हणे स्वित्झर्लंडात दह्यात भिजवून, वर सफरचंद किसून खातात. माझं मोठेपण स्कॉटलंडात. तिथे मला नुसतं पाणी-मीठ घालून शिजवतात आणि लोक त्यावर अर्धा दिवस काम करतात. मलाही असंच कुणीतरी समजून खाईल, असं वाटायचं.

मला आणलं माधवीने, दत्तोबांच्या सुनेने. दत्तोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर खाली आणा, मग ऑपरेशन करू. सकाळी न्याहारीला ओट्स द्या. माधवीने मोठा पुडा सासूबाईंच्या, म्हणजे लीलाबाईंच्या हातात दिला आणि वालचंदनगरला कामावर निघून गेली.

दत्तोबांना घाई होती. ते मूळचे पळसदेवचे. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, पण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं देऊळ उघडं पडतं. त्याच देवळापुढे त्यांचं आणि लीलाबाईंचं लग्न लागलं होतं. गेली दोन वर्षं देऊळ वर आलं, पण दत्तोबांना नुसता काळा डाग दिसला. "औंदा डोळं करून घ्यायचं आन् जायाचंच," ते रोज म्हणायचे. म्हणजे सगळा भार माझ्यावर. माझी तयारी होती.

लीलाबाईंचं गणित वेगळं. मला डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे मी औषध. आणि औषध कुणी उपाशीपोटी घेतं का? म्हणून आधी बाजरीच्या दोन भाकरी, पिठलं, पेलाभर दूध, आणि त्यावर मी. तेवढ्यावर तरी भागावं! औषध बेचव, म्हणून वर गुळाचा खडा आणि तुपाची धार.

"साखर बंद सांगितलीया नव्हं?" पहिल्या दिवशी दत्तोबांनी विचारलंही.

"साखर कुठं घातलीया? ह्यो आपल्या गुऱ्हाळातला गूळ हाय. घरच्या गुळानं कुणाला काय झालंय व्हय?"

दत्तोबांना ते लगेच पटलं. जन्मभर ऊस लावणाऱ्याला आणखी काय पटणार? मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं.

महिन्याने तपासणी झाली. साखर आणखी वर गेलेली. ऑपरेशन लांबलं. आणि घरी आल्यावर दोष कुणाला? मला.

"परदेशातलं खाणं आपल्याला मानवत न्हाय," लीलाबाई म्हणाल्या.

"कोंबड्यास्नी घाला की," शेजारच्या गोजरबाईंनी सुचवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

कोंबड्यांच्या आधी नात आली, राजनंदिनी, कॉलेजच्या सुट्टीला. सकाळी दत्तोबांचं ताट बघून ती थबकली.

"आजी, ओट्स भाकरीच्या जागी द्यायचे, भाकरीवर नाही. आणि गूळ कशाला? पोटात गेला की त्याची साखरच होते."

"आपला गूळबी?"

"आपलापण."

लीलाबाईंनी हातातला गुळाचा खडा परत डब्यात टाकला. "म्हंजी त्यांचं डोळं मीच अडवून धरलं व्हय," एवढंच बोलल्या. इतके दिवस मी त्यांच्यावर चरफडत होतो. त्या क्षणी मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी भाकरी नाही, गूळ नाही. मला पाण्यात शिजवलं, मीठ, जिरं, हिरवी मिरची घातली आणि वर ताक ओतलं. दत्तोबांनी एक घास खाल्ला. "कण्यावानी लागतंय की," म्हणाले. ज्वारी भरडून शिजवतात त्या कण्या. कॉर्नफ्लेक्सने ऐकलं असतं तर नाक मुरडलं असतं. मी मात्र सुखावलो.

तीन आठवडे हेच चाललं. उद्या बारामतीत पुन्हा रक्त तपासायचंय. ते देऊन आले की माझ्या शेवटच्या दोन मुठी शिजणार. रिपोर्ट संध्याकाळी येणार, तोवर मी संपलेलो असेन. आणि आजच पळसदेवहून भाचा दीपकचा फोन आला, धरणाचं पाणी पुन्हा चढतंय, देवळाच्या पायऱ्यांना लागलंय. लीलाबाई "बरं" म्हणाल्या आणि दत्तोबांना काही बोलल्या नाहीत.

मी संपतोय याचं दुःख नाही, खाल्ला जाण्यासाठीच तर आलो होतो. या घरातल्यांना एवढंच सांगायचंय: देऊळ दिसो न दिसो, दत्तोबांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडाल तेव्हा लीलाबाईंना समोर उभं करा. त्या लाजून मागे सरतील. सरू देऊ नका.