अठरा तारीख

शिंप्याने फ्रॉकच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडली आणि कात्री चालवली. कात्री दोरीने मेजाला बांधलेली, त्यामुळे कापडच तिच्याकडे सरकवावं लागत होतं. लेकीला पाहून पाच महिने झाले होते. या वयात पोरी भराभर वाढतात, असं स्वतःशीच पुटपुटत त्याने खालच्या घेरालाही आणखी एक बोट वाढवलं.

पाच महिन्यांपूर्वी दारूच्या भरात त्याने मेहुण्याच्या दुकानाची काच फोडली होती, आणि आवरायला आलेल्या मेहुण्याचं डोकंही. न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी या व्यसनमुक्ती केंद्रात धाडलं. मुदत अठरा तारखेला संपत होती. समुपदेशक बाईंनी चांगला शेरा दिला तर घर, नाहीतर आणखी तीन महिने. त्यामुळे केंद्रात त्याच्याइतका गुणी माणूस शोधून सापडला नसता. सगळ्यांचे कप विसळायलासुद्धा हाच पुढे.

बाई त्याने भरलेला फॉर्म घेऊन आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"हा प्रश्न वाचा बरं."

"सुटायला किती दिवस लागतील असं वाटतं?" त्याने वाचलं.

"आणि तुम्ही काय लिहिलंय?"

"बावीस. अठरा तारखेला, सकाळी दहाला. ऑफिसात विचारून लिहिलंय, बाई."

"मी दारूचं विचारलं होतं."

शिंपी हसला. "एकच झालं की! मी सुटलो म्हणजे ती सुटली."

बाई हसल्या नाहीत. "शेरा सोमवारी पाठवायचाय. तोवर विचार करा," एवढंच म्हणून त्या उठल्या.

विचार कसला करायचा? अठराचा बेत कधीच पक्का झाला होता. आधी घर, मग लेकीला उचलून घ्यायचं, आणि संध्याकाळी, आनंदाचा दिवस म्हणून, अगदी थोडीशी.

शनिवार फोनचा दिवस. फोन व्हरांड्यात, मागे रांग, रांगेत खोकणारे आणि घाई करणारे. बायको दोन शब्द बोलून लेकीकडे फोन देई. लेकीचा पहिला प्रश्न ठरलेला, याचं उत्तरही ठरलेलं. बाबा, सुटलात का? अठराला गं!

आजही खरखरीतून तिचा आवाज आला. पण बाईंचं बोलणं डोक्यात घोळत असल्यामुळे असेल, 'सुटलात'चा शेवट आज त्याला वेगळाच ऐकू आला.

"काय म्हणालीस?"

"सुटली का?"

"कोण?"

"दारू हो, बाबा!" तिने आवाज खाली आणला. "नेहमी तेच तर विचारते. तुम्ही आपले अठराला, अठराला. अशी तारखेवर सुटायला ती काय बस आहे?"

त्याला हसू आलं. हो म्हणायला काय लागतं? पोरगी उड्या मारत आईकडे धावली असती, आणि तिचं ते धावणं त्याला इथे ऐकू आलं असतं. रांगेतल्या कुणीतरी मागून खांद्याला बोट लावलं.

"नाही गं," तो म्हणाला. "अजून नाही सुटली."



"बरं," ती मोठ्या बाईसारखी म्हणाली. "मग राहा आणखी थोडे दिवस."

तो तडक बाईंच्या खोलीत गेला.

"शेरा लिहिलात?"

"अजून नाही."

"मग ऐका. अठराला घरी गेलो की संध्याकाळी थोडीशी घ्यायची, असं ठरवलं होतं मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मला लिहावं लागेल. म्हणजे आणखी तीन महिने इथेच. कळतंय ना?"

"कळतंय."

तो दारापर्यंत गेला, पण बाहेर पडला नाही.

"बाई," तो म्हणाला, "शनिवारचा फोन तेवढा चालू राहील ना?"