काच पिवळी पडली म्हणे

मी एका रंगाऱ्याचा जुना मोबाइल फोन आहे. माझ्या कडांना निळे, शेंदरी, जांभळे डाग आहेत. ते कारखान्यातले नाहीत, माझ्या मालकाच्या बोटांचे आहेत. कव्हर कितीही घासा, जात नाहीत. आणि खरं सांगू का मित्रांनो, ते जावेत असं मला कधी वाटलंही नाही.

मी जन्मलो तिथे कुणाचेच हात रंगलेले नव्हते. सगळ्यांनी पांढरे हातमोजे घातलेले. माझ्यासारखी असंख्य भावंडं सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होती. पट्ट्याच्या टोकाला एक तपासनीस बाई बसायच्या. त्यांनी माझी काच पांढरीशुभ्र उजळवली, डोळे बारीक करून न्याहाळली आणि मान डोलावली. एवढंच. पण पुढे माझ्यावर आळ आला, तेव्हा त्या डोलावलेल्या मानेची मला फार आठवण यायची.

मला विकत घेतलं रंगाऱ्याच्या मुलीनं. ती औषधांच्या दुकानात काम करते. "बाबा, आता गिऱ्हाईक रंगाचा फोटो पाठवतं. तुमच्या त्या बटणांच्या डबड्यात काय दिसणार?" असं म्हणून तिनं मला त्यांच्या हातात ठेवलं. हात ओला होता, कोपरापर्यंत हिरवा होता. तेव्हापासून मीही त्यांना मनातल्या मनात बाबाच म्हणतो.

बाबांच्या कामाची रीत न्यारी. गिऱ्हाईकानं पाठवलेला फोटो ते माझ्यावर उघडायचे. कापड रंगाच्या हौदातून उपसायचे, एक कोपरा घट्ट पिळायचे, दारात उजेडाला यायचे आणि तो ओला कोपरा थेट माझ्या काचेवर, फोटोच्या शेजारी चिकटवायचे. वाळल्यावर रंग किती फिका होणार, तेही मनात धरायचे. जुळला की म्हणायचे, "उतरला!" तो शब्द ऐकला की मला नवी बॅटरी बसवल्यासारखं वाटायचं. हात चालू असताना ते गुणगुणायचे:

निळ्या ग पाण्यामधे निळं आभाळ बुडालं,
काढिता पिळूनिया माझ्या हाताला लागलं.

सुखाचे दिवस होते ते. मग हळूहळू काहीतरी बिनसलं.

एका शिक्षिकेची ओढणी फिकट जांभळी व्हायची होती, ती राखाडी झाली. बाबांनी कोपरा माझ्या काचेला लावला होता, "उतरला!" म्हणालेही होते. शिक्षिकाबाईंनी ओढणी उलगडली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "छान आहे." मला त्यांचा चेहरा दिसला. बाबांना दिसला नाही.

मग एके दिवशी बाबा मला डोळ्यांपाशी धरून म्हणाले, "याची काच पिवळी पडलीय. पांढरंसुद्धा सायीसारखं दिसतंय."

मला आधी फडक्यानं पुसलं, मग साबणाच्या पाण्यानं, शेवटी टूथपेस्ट लावून ब्रशनं घासलं. दात असते तर चमकले असते. पण बाबांना मी पिवळाच दिसलो. मित्रांनो, माझी काच पिवळी नव्हती! मला माहीत होतं. बाबांना घरची भिंतही पिवळी दिसत होती, पण भिंत जुनीच. शर्ट पिवळा दिसत होता, तो धुण्याच्या पाण्यानं म्हणे. प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण मिळालं. उरलेलं सगळं खापर माझ्या डोक्यावर.

आणि मुलगी? ती बिचारी कामावर जायच्या घाईत. माझ्याकडे ओझरतं पाहून म्हणाली, "असेल पिवळी. म्हातारा झालाय तो. बोलता बोलता बंद पडतो, फोटो उघडायला युगं लावतो. मी कधीची सांगतेय, मधल्या किमतीतला चांगला फोन घेऊ." तिला नवा फोन घ्यायला निमित्त हवंच होतं, ते आयतं हाती आलं.

"बघू," बाबा म्हणाले. हे 'बघू' पुढे फार दिवस चाललं. मुलगी विषय काढायची, बाबा हौदाकडे वळायचे. तिला वाटायचं, बाबांचा जीव माझ्यात अडकलाय. मला मात्र निराळीच शंका यायची. मी गेलो, तर मग दोष कुणाला देणार?

तशात बाहुलीवाला आला. गावोगाव बाहुल्यांचा खेळ करणारा माणूस. खेळाचा मागचा पडदा विटला होता. त्यावर त्याच्या आईनं जरीच्या तारेनं चांदण्या भरल्या होत्या.

"रंगारीदादा, मला रात्र हवी," तो म्हणाला. "पण निळी रात्र हं. काळी नको. माझ्या समस्त प्रजेची डोकी काळी आहेत."

"अहो, निळा म्हणजे माझ्या हातचा मळ," बाबा हसून म्हणाले.

पडदा नवा असतानाचा फोटो त्यानं माझ्यावर पाठवून ठेवला होता, मोठा सुंदर गडद निळा. बाबांनी पडदा हौदात सोडला, काढला, कोपरा काचेला लावला. "अजून फिकाच आहे," म्हणाले. पुन्हा रंग ओतला. पुन्हा काचेला लावला. मी जीव तोडून उजळत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो, की बाबा पुरे, आता थांबा! माझ्या अंगावर काळाकुट्ट कोपरा होता आणि बाबा म्हणत होते, "उतरला!"

चार दिवसांनी बाहुलीवाला पडदा घेऊन परत आला. भांडला नाही. फक्त म्हणाला, "दादा, काल खेळात राजाचं डोकंच नाहीसं झालं. नुसता अंगरखा राज्य करत होता. पोरं हसून हसून लोळली. खेळ दुःखाचा होता हो."

बाबांनी मला उचलून त्याच्यापुढे धरलं. "याचं काम! काच पिवळी पडलीय याची."

काळ्याचं पुन्हा निळं होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं पडद्याची घडी घातली, चांदण्या आत राहतील अशी, आणि गेला.

त्या संध्याकाळी बाबा स्वतःहून म्हणाले, "चल, घेऊ नवीन."

दुकानात फोन मांडून ठेवले होते. दुकानदार पोपटासारखा बोलत होता. "काका, हा स्वस्तातला, हा लई महागातला, आणि हा मधला घ्या, डोळे मिटून घ्या!"

"डोळे मिटून कसा घेऊ? मला रंग बघायचेत," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून एक पांढरी चिंधी काढली, नव्याची काच पांढरी करायला सांगितली आणि चिंधी तिच्यावर ठेवली. बराच वेळ पाहिलं. "हाही पिवळाच आहे. दुसरा दाखवा." दुसरा आला. तिसरा आला. "पिवळा. सगळाच माल जुना आहे का हो तुमचा?"

दुकानदार हसला. मुलगी हसली नाही.

बाबांनी मला नव्याच्या शेजारी ठेवलं. आवाज अगदी खाली आला. "बाळ, हा नवा तुला कसा दिसतो?"

"पांढरा."

"आणि आपला?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "हाही पांढराच आहे, बाबा."

बाबांनी चिंधी खिशात घातली. "नको मग. जुनाच बरा," म्हणाले आणि दुकानाच्या पायऱ्या भिंतीचा आधार घेत उतरले. खिशात मी त्यांच्या छातीशी होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, बराच पिकलेला. भिंगच पिवळं झालंय. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करू. बाबांनी एकच विचारलं, "रंग परत येईल?" त्या म्हणाल्या, "बहुतेक." तो शब्द घरात कितीतरी दिवस कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. हौद कोरडे होते. गाणं बंद होतं.

ऑपरेशनची पट्टी निघाली त्या सकाळी बाबा मला घेऊन दारात बसले. काच पांढरी केली. जुना डोळा झाकून नव्यानं पाहिलं. मग नवा झाकून जुन्यानं. पांढरा, पिवळा. पांढरा, पिवळा. लहान मुलासारखं किती वेळ चाललं होतं! मग त्यांनी काळ्या पडद्याचा, देण्याआधी काढून ठेवलेला फोटो उघडला. जुन्या डोळ्याला तिथे अजून निळी रात्र होती. नव्या डोळ्याला डांबर दिसलं. मग ते मागे मागे गेले, आपल्या कामाचे एकेक फोटो पाहत. राखाडी ओढणीपाशी बोट थांबलं. "छान आहे म्हणाली होती गं ती," ते मुलीला म्हणाले. "किती जण तसंच म्हणाले असतील?"

त्यांनी बाहुलीवाल्याला फोन लावला. "अहो, काच नव्हती. डोळा होता माझा. फोनवर उगाच आळ घेतला. तुमच्या आईच्या चांदण्या मी…"

आणि मी बंद पडलो. बॅटरी! मित्रांनो, आयुष्यात ज्या वाक्याला मी जिवंत राहायला हवं होतं, नेमकं तेच माझ्याकडून तुटलं. पलीकडे तो काय बोलत होता, कळलंच नाही. बाबा मला कानाशी धरून तसेच बसून राहिले.

थोड्या वेळानं मुलीचा फोन वाजला; बाबांच्या पावतीवर तिचाही नंबर असायचा. तिनं तो मोठ्या आवाजावर लावला. बाहुलीवालाच होता. "दादांना सांगा, पडदा आता काळाच राहू दे. राजाला तेवढी पगडी रंगवून द्या. पिवळी! पिवळा तर नीट येतो ना त्यांना?"

बाबा हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मुलगी ओरडली, "बाबा, डोळ्याला हात लावू नका!"

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या जागी मधल्या किमतीतला तो फोन घेऊन आले. मला वाईट वाटलं, पण पहिल्यासारखं नाही. या वेळी मला जे काढलं, ते माझ्या खऱ्या दोषासाठी.

मित्रांनो, आम्ही जुने होतो, थकतो, बदलावंच लागतं आम्हाला. खुशाल बदला. पण जुन्याला नावं ठेवण्याआधी एकदा उजेडात धरा, आणि शेजारच्या माणसाला विचारा, तुला कसं दिसतं? घाईत विचारू नका. आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर नुसतं 'छान' म्हणून निघून जाऊ नका.

खणात ठेवण्याआधी बाबांनी मला चार्जरला लावून एकदा जागं केलं. काच पांढरी केली, डोळे बारीक करून न्याहाळली. त्यांच्या बोटांना काहीच लागलेलं नव्हतं. "पांढरीच होती की रे तुझी काच," ते म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली.