उरलेल्या सात फेऱ्या

कागद सगळा भरून झाला होता. एक रकाना तेवढा कोरा होता. डॉक्टरांनी तो कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला, पेनाचं टोपण काढलं आणि पेनही पुढे केलं.

"एकतिसाव्या मिनिटाला मी 'थांबा' म्हणालो. ते मी लिहिलंय, सहीसकट. त्यानंतर तू पावणेनऊ मिनिटं छाती दाबत राहिलीस, तेही लिहिलंय. आता खालचं वाच."

खाली छापलं होतं : थांबण्याच्या सूचनेनंतरही प्रयत्न चालू ठेवण्याचं कारण.

"मॉनिटरवर काही दिसलं होतं? मानेला नाडी लागली?"

"रेघ सरळ होती," ती म्हणाली.

"ते मलाही माहीत आहे. चौदा मिनिटं मी तीच बघत होतो." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघ, मला कुणाला अडकवायचं नाहीये. अडकलो तर मीच अडकेन. पण तो गडी आज वॉर्डात बसून बिस्किटं खातोय. मला न दिसलेलं काहीतरी तुला दिसलं. काय, ते कळलं तर चार जणांना शिकवता येईल. आणि कारणच नसेल, तर मग ती नुसती लॉटरी लागली म्हणायची."

रविवारी सभागृहात तिचा सत्कार होता. कागद शनिवारपर्यंत हवा होता. तिनं त्याची घडी घालून गणवेशाच्या खिशात ठेवली आणि खाली गाडीपाशी आली.

"भरलास?" रुग्णवाहिकेच्या चालकानं विचारलं. सगळे त्याला मामा म्हणत. नऊ वर्षं तो गाडी चालवत होता आणि ती मागे रुग्णापाशी बसत होती.

"नाही."

"माझं नाव टाक. मामानं गाडी वेळेत आणली म्हणून लिही. एवढ्या वर्षांत कुणी लिहिलं नाही."

ती हसली नाही. मामानंही पुढे ताणलं नाही. दीड महिन्यापूर्वी तिचे बाबा घरातल्या बोळात कोसळले, तेव्हा हीच गाडी घेऊन मामा आला होता. ती गुडघ्यांवर बसून बाबांची छाती दाबत होती. बाविसाव्या मिनिटाला मामानंच तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. पुरे आता, म्हणाला होता. मॉनिटरवरची रेघ सरळ होती आणि नियम तिला पाठ होते. ती थांबली होती.

मैदानात तिनं काय पाहिलं, हे डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं.

शर्यत दहा हजार मीटरची होती, पंचवीस फेऱ्यांची. अठरा फेऱ्या झाल्या आणि सर्वांत पुढे असलेला धावपटू पाय दुमडून पडला. कुणी ढकलावं तसा पुढे नाही, सदरा खुंटीवरून गळावा तसा जागच्या जागी. ती आणि मामा चाळीस पावलांवर होते. तीन शॉक दिले, औषधं झाली. मग रेघ सरळ झाली ती झालीच. शर्यत थांबवलेली, इलेक्ट्रॉनिक फलक बंद केलेला. स्टँडमध्ये धावपटूची मावशी आणि तिच्याबरोबरच्या तीस बायका हात जोडून एका सुरात प्रार्थना म्हणत होत्या. तिला तो सूर ऐकू येत होता आणि तिचं स्वतःचं एक ते तीस मोजणंही. मग शर्यतीसाठी नेमलेल्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि ते 'थांबा' म्हणाले.

तिनं मान वर केली ती हात काढून घेण्यासाठीच. समोर, अंतिम रेषेशेजारी, लोखंडी चौकट उभी होती. चौकटीला कड्यांत अडकवलेल्या पत्र्याच्या पाट्या. सर्वांत वर सात.

ती चौकट बाबांची होती. दर मोठ्या शर्यतीला पुढचा गडी रेषा ओलांडून गेला की एक पाटी उलटायची आणि किती फेऱ्या उरल्या ते दाखवायचं, हे बाबांचं काम. पगारी नव्हे, हौसेचं. मैदानावर त्यांना पाटीवाले म्हणत. इलेक्ट्रॉनिक फलक आला आणि चौकट दहा वर्षांपूर्वी कोठारात गेली.

खट् आवाज झाला. सहा. चौकटीपाशी कुणी नव्हतं. ती दाबत राहिली. मामा एकदा डॉक्टरांकडे, एकदा तिच्याकडे बघून श्वासाचा फुगा दाबत राहिला. पाच. चार. कुणीतरी तिला दंडाला धरून उठवू पाहत होतं. एक. शून्य झालं, आणि तिच्या तळव्याखाली काहीतरी आतून ढुशी मारून गेलं.

बाबांच्या वेळीही तिनं वर पाहिलं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बोळात भिंत होती. भिंतीला छत्री अडकवायचा खिळा होता. बाकी काही नव्हतं. आता ती रोज त्या खिळ्याखालून जा-ये करायची आणि रोज तोच विचार मनात यायचा. त्या दिवशी पाटी दिसली नाही, ती काही उरलंच नव्हतं म्हणून? की पाटी उलटणारा माणूसच तिच्या हाताखाली पडला होता म्हणून?

शुक्रवारी ती वॉर्डात गेली. धावपटूची मावशी दारातच भेटली. तिनं तिचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले, बाजारात भाजी पाहावी तसे.

"एवढेसे तर आहेत. परवा मी भाषणात सांगणार आहे बरं का, तीस जणींनी मागितलं आणि देवानं दिलं. तुझंही नाव घेईन. डॉक्टरांचं घेणार नाही. थांबा म्हणाला मेला."

"त्यांनी ते स्वतःच लिहून दिलंय, मावशी."

मावशीचा चेहरा जरा उतरला. तिनं तिला खिडकीपाशी ओढलं आणि आवाज खाली आणला.

"तुला म्हणून सांगते. कुणाकडे बोलू नकोस. त्यांनी घड्याळ बघितलं ना, तेव्हा मी हात सोडले. माझे सुटले तशा सगळ्याच गप्प झाल्या. मी बहिणीला फोन लावत होते. तिच्या लेकाला घरी न्यायला गाडी कुठली करायची, ते विचारायला." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "ती पावणेनऊ मिनिटं कुणी काही मागत नव्हतं गं पोरी. मी रोज आठवून बघते. तू काही म्हणत होतीस का?"

"मोजत होते. एक ते तीस, पुन्हा एक ते तीस."

"बास? तेवढंच?"

"तेवढंच."

मावशी खिडकीकडे वळली. "मग परवा मी काय बोलू?" असं तिनं विचारलं, पण ते बहुधा तिला नव्हतं.

धावपटू खाटेवर उशीला टेकून बसला होता. सव्वीस वर्षांचा, कान मोठे, चेहरा ओढलेला. तिला पाहून त्यानं हातातलं बिस्कीट ठेवून दिलं.

"ताई, या. बरगड्या चार मोडल्यात तुम्ही. डॉक्टर म्हणतात, चांगलं काम झालं की मोडतातच."

"दुखतंय?"

"हसलो की. म्हणून मावशीला आत येऊ देत नाही." मग तो गंभीर झाला. "एक विचारू? पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखा आवाज करणारं तुमचं काही मशीन आहे का? खट्, असा?"

ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसली.

"सगळे म्हणतात मी पडलो. मला पडल्याचं आठवत नाही. मी पळत होतो. स्टँड रिकामे, आवाज काही नाही, फक्त दर फेरीला रेषेपाशी खट्. सातही फेऱ्या पुऱ्या केल्या मी." त्यानं उशीखालून चिठोरं काढलं. "काल मावशीनं पावणेनऊ मिनिटं सांगितली, म्हणून गणित केलं. माझी फेरी पंचाहत्तर सेकंदांची. गुणिले सात. बघा तुम्हीच."

तिनं पाहिलं. आकडे बरोबर होते.

"रेषेपाशी कोण होतं?" तिनं विचारलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"वाकून उभा होता कुणीतरी. तोंड नाही दिसलं. शेवटच्या फेरीला मी म्हटलं, काका, नाही होत आता. तर म्हणाले, पळ तू, ती नाही थांबायची या खेपेला." त्यानं चिठोऱ्याची घडी घातली. "या खेपेला म्हणजे काय, ताई?"

तिनं त्याच्या मनगटाची नाडी मोजली, गरज नसताना, आणि बाहेर पडली.

तिथून ती थेट मैदानावर गेली. दुपारचे तीन वाजले होते, मैदान रिकामं होतं. रखवालदार काका पाण्याचा पाइप गुंडाळत होते. बाबांचे ते जुने मित्र.

"पाटीवाल्याची लेक," ते म्हणाले. "बाप होता तोवर वर्षाला एकदा यायचीस. आता आठवड्यात दुसऱ्यांदा."

"काका, बाबांची चौकट आहे ना अजून?"

"जाईल कुठे? भंगारवालाही नेत नाही."

कोठारात चुन्याचा आणि जुन्या रबराचा वास होता. अडथळ्यांच्या शर्यतीचे अडथळे एकावर एक रचून ठेवलेले, त्यांच्यामागे ताडपत्रीखाली काहीतरी उंच उभं.

"सगळ्या आकड्यांचा रंग काळा होता ना?" तिनं विचारलं. "सहाचासुद्धा?"

"सगळे काळे." काका ताडपत्रीची गाठ सोडत होते. त्यांचे हात थांबले. "नाही. शेवटच्या वर्षी सहाची पाटी हरवली. मग तुझ्या बापानं डब्याचं झाकण कापून नवी केली. काळा रंग संपलेला, म्हणून खिडक्यांचा उरलेला निळा लावला. केवढी चेष्टा केली आम्ही. तू शिकायला बाहेर होतीस तेव्हा. तुला कुणी सांगितलं?"

मैदानात तिनं निळा सहा पाहिला होता.

ताडपत्री खाली आली. वरची पाटी शून्य. सगळ्या पाट्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या, एकच लाल ढेप झाली होती. काकांनी मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून रेटून पाहिलं. कड्या तसूभर हलल्या नाहीत. तिनं कडेला डोळा लावला. गंजाच्या थरांत एक बारीक रेघ निळी होती.

"दहा वर्षं हिला कुणी हात लावला नाही," काका म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारायचं टाळलं. "शून्य लावूनच ठेवायचा तो. पण शून्य लावलं म्हणून जायचा नाही हं. पहिला आलेला अंघोळ करून घरी पोचायचा, पंच चहाला जायचे, मी झाडायला लागायचो, हा आपला चौकट न आवरता पाटीला धरून उभा. का, तर कुणीतरी शेवटचा अजून पळतोय. मी म्हणायचो, अरे शून्य झालं, चल ना. म्हणायचा, शून्य पुढच्याचं झालंय, मागच्याचं नाही."

शनिवारी सकाळी तिनं रकान्यात लिहिलं : पाटीवर सात फेऱ्या उरल्या होत्या.

डॉक्टरांनी ते वाचलं. "फलक तर बंद होता," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग त्यांनी कागद फायलीत लावला.

"हे शिकवता येणार नाही."

"नाही," ती म्हणाली.

रविवारी सत्काराला ती गेली नाही, ड्यूटी मागून घेतली. सकाळी अकराला छापखान्यातून फोन आला. म्हातारा बाइंडर कागद मोजता मोजता खाली बसला होता. ते पोचले तेव्हा गठ्ठ्यांमधल्या अरुंद वाटेत तो उताणा पडला होता, बोटांना अजून खळ लागलेली. त्याची मुलगी कटिंग मशीनला टेकून उभी होती. ती रडत नव्हती.

वर बघायचं नाही, असं तिनं गाडीतच ठरवलं होतं. तिनं दाबायला सुरुवात केली. मामानं फुगा धरला. औषधं झाली. रेघ पहिल्यापासून सरळ होती, ती तशीच राहिली.

"बावीस झाली," मामा हळू म्हणाला. त्याचा एक हात मोकळा होता. तो हात तिच्या खांद्याकडे आला नाही.

तिनं वर पाहिलं.

मशीनच्या मागे, कागदाच्या दोन थप्प्यांच्या मध्ये, चौकट उभी होती. वरची पाटी शून्य. पाटी उलटल्याचा आवाज नाही, कड्यांची हालचाल नाही. आधीपासून शून्यच असावं. चौकटीशेजारी कुणी दिसत नव्हतं.

पण चौकट कुणी आवरून नेली नव्हती.

बाइंडरची मुलगी तिच्या हातांकडे पाहत होती. तिनं कोपरं ताठ केली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.