कात्रीला आलेली धार

छाटणीची कात्री हातात घेतली आणि सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली.

दवाखान्यातली नोकरी संपली तरी तिला सगळे अजून सिस्टरच म्हणायचे. नवरा बसचा ड्रायव्हर, तोही आता घरीच. मागची बाग त्याची आणि अवजारांची पत्र्याची खोलीही त्याचीच. तिथे फावडं चिखलासकट भिंतीला टेकलेलं असायचं, खुरपं बादलीत गंजत पडलेलं. जेवल्यावर स्वतःचं ताट न उचलणारा माणूस फावडं कशाला धुणार?

आणि आता कात्रीची पाती लखलखत होती. खुरप्यावर मातीचा कण नव्हता. फावड्याचा दांडा घासून गुळगुळीत केलेला.

"अहो, हे कधी केलंत?"

"असंच, बसल्या बसल्या," तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

तिनं कात्री नाकाशी नेली. घरात अवजारांसाठी जवसाचं तेल होतं, पण त्या डब्याचं झाकण कधीचं चिकटून बसलेलं. हा वास वेगळाच होता. कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

संध्याकाळी उशांचे अभ्रे शिवायला टाकायचे म्हणून ती कुंपणापलीकडच्या शिंपीणबाईकडे गेली. बाई मशीनमध्ये तेल सोडत होती. सिस्टर दारातच थबकली. तोच वास!

"या ना ताई, बसा."

"नको, गॅसवर दूध आहे," म्हणत ती अभ्रे काखेत मारून परतली. शिंपीणबाई एकटी राहायची. बोलायला गोड, हसायला मोकळी. ही मोकळीक सिस्टरला आजवर कधी खटकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी घेतली, "बाजारात जाऊन येते" असं ओरडून सांगितलं आणि मागच्या गल्लीनं परत आली. नवरा कुंपणाशी उभा होता. त्यानं पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी पलीकडे दिलं. शिंपीणबाईनं ते खाली ठेवलं आणि त्याचा उजवा हात धरून अंगठा हळूहळू चोळू लागली.

"वा! छान चाललंय की!"

दोघंही दचकली. शिंपीणबाईनं त्याचा हात सोडला. त्यानंच मान खाली घालून सांगितलं, "अगं, अंगठ्यात जोरच उरला नाही. बोथट कात्री दाबवत नाही, आणि धार लावायला कानसही धरवत नाही. यांचा रोजचा कात्र्यांशी संबंध, म्हणून म्हटलं..."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू हाताला पट्टी बांधून मला खुर्चीत बसवलं असतंस. बाग बंद."

हे खोटं नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं. तिनं त्याचा हात ओढून घेतला. अंगठ्याच्या बुडाशी मांस आत बसलं होतं. परक्या माणसांचे हात बघण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि रोज तिच्याकडून चहा घेणारा हा हात तिच्या नजरेतून सुटला होता. मग आठवलं, हल्ली तो कप डाव्या हातानं घ्यायचा.

मनगटात दबलेली नस मोकळी करायला डॉक्टरांनी तिथे छोटं ऑपरेशन केलं. जोर थोडा परतेल, सगळा नाही, असं सांगितलं. तो बरा होईपर्यंत अवजारं सिस्टरनं ताब्यात घेतली. "यात काय एवढं," म्हणत तिनं कानस उलटसुलट फिरवली आणि पात्यावर ओरखडेच ओरखडे उठवले. नवरा खिडकीतून कुंपणाकडे बघू लागला.

"तिकडे बघायचं काही कारण नाही," ती म्हणाली.

शेवटी ती स्वतःच कात्री घेऊन कुंपणाशी गेली. "दाखवा बाई कसं करतात ते."

शिंपीणबाईनं कानस तिच्या हातात दिली, कोन धरून दाखवला. "एकाच दिशेनं, ताई. परत येताना उचलायची."

सिस्टर शिकली. पण मध्येच तिनं विचारलं, "आणखी काय काय सांगितलंय त्यांनी तुम्हाला?"

"काही नाही हो," शिंपीणबाई म्हणाली, जरा जास्तच पटकन.

सिस्टरनं तिच्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा कानस चालवायला घेतली.