दोन मिनिटांची मुदत

इस्पितळात सगळे त्याला किल्लीदार म्हणत. कॉम्प्युटरच्या जाळ्यात कोणाला शिरू द्यायचं हे तो ठरवी. पासवर्ड मोडीत काढून त्याने प्रत्येक नर्सला एक इवलीशी किल्ली दिली होती. ती कॉम्प्युटरला लावून वर बोट टेकलं की आतलं गुप्त गणित जुळे आणि औषधाच्या नोंदीखाली किल्लीवालीची सही पडे. बोटाचा ठसा किल्ली ओळखत नसे, कुणीतरी समोर आहे एवढंच बघे. "या सहीची नक्कल ब्रह्मदेवाच्या बापालाही जमणार नाही," असं तो जेवतानासुद्धा ऐकवी.

दोन मिनिटं स्वस्थ बसलं की कॉम्प्युटर पुन्हा किल्लीवर बोट टेकायला सांगे. नर्सांचे हात दिवसभर रबरी मोज्यांत, आणि मोज्यातलं बोट किल्लीला कळत नसे. मोजे काढता-घालता बायांच्या नाकी नऊ आले. शेवटी वॉर्डाची मुख्य नर्स, म्हणजे त्याचीच थोरली बहीण, म्हणाली, "मुदत वाढव रे जरा. माझीच किल्ली सकाळी लावून ठेवते, सगळ्याजणी वापरतील."

ताईचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. कुणाला न विचारता त्याने मुदत आठ तास केली.

पुढच्याच महिन्यात एका म्हाताऱ्याला औषधाचा दुप्पट डोस गेला. म्हातारा वाचला, पण तीन दिवस बेशुद्ध होता. नोंदीवर सही ताईची. चौकशी बसली, आणि तिची नोकरी जाणार हे शिपायालाही ठाऊक होतं.

किल्लीदाराचा जीव थाऱ्यावर नव्हता. ताईच्या हातून चूक होणं शक्यच नाही, याची त्याला इतकी खात्री की तिला विचारायचंही त्याच्या मनात आलं नाही.

चौकशीत ताई तोंड उघडणार, तोच तो उठला. "किल्ली कोणाची ते मशीन सांगतं, साहेब. बोट कोणाचं ते नाही. मुदत मी वाढवली, परवानगी न घेता. त्या दिवशी वॉर्डात पाचजणी होत्या, नोंद कुणीही केली असेल."

साहेबांनी त्याचा राजीनामा मागितला आणि पाचहीजणींना दुसऱ्या दिवशी हजर राहायला सांगितलं.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "डोस मीच लिहिला होता. आकडा चुकला. तेच कबूल करायला आले होते."



"एकदा विचारायचंस तरी मला. आता त्या चौघी फुकट लटकतील," ती म्हणाली आणि दार लोटून पुन्हा आत साहेबांसमोर गेली.