उत्तरांची कार्डं

पाकिटाची कड कात्रीने कापली की साधारण दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी टेबलावर पडते. घाईत कापली तर ती एका टोकाला रुंद होते. इस्त्रीबाईंनी कापलेली पट्टी नऊ वर्षांत मी कधी तिरकी पाहिली नाही. त्यांच्या कपड्यांवर चुणी नसायची, म्हणून हे नाव. पूर्वी त्या नर्स होत्या.

पंथाच्या मुख्यालयात आमचा पत्रविभाग दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत होता. तीन टेबलं, एक टाइपरायटर, कार्डांची अकरा कपाटं. दूरदूरहून लोक विचारायचे: लग्न करू का, ऑपरेशन करू का, भावाशी बोलू का. इस्त्रीबाई पत्रावरचं नाव-पत्ता कापून घ्यायच्या आणि वर क्रमांक घालायच्या, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात कोणाविषयी डावं-उजवं येऊ नये. मी पत्र वाचून कार्ड निवडायचे. मामा ते टाइप करायचे. मामा म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांना सख्खा भाचा एकही नव्हता, पण सगळं मुख्यालय त्यांना मामाच म्हणायचं.

कार्डांवर थोरल्यांची वाक्यं होती. थोरले म्हणजे पंथाचे संस्थापक. हयात असताना ते प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर द्यायचे. ते गेल्यावर त्यांच्याच जुन्या उत्तरांतलं वाक्य पाठवायचं, असा नियम झाला. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून इथे सहा महिन्यांसाठी आले होते, ही कार्डं लावून द्यायला. तेव्हा प्रत्येक कार्डावर आधी लांबलचक प्रश्न आणि मग उत्तर असायचं. एक उत्तर शोधायला अर्धा दिवस जायचा. मी प्रश्न काढून टाकले, उत्तरं विषयवार लावली. बत्तीस कपाटांची अकरा झाली. मामा म्हणाले, "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, या पोरीने हत्ती काढला!"

सहा महिने संपले तेव्हा आणखी जुनी पत्रं निघाली. मग आणखी. धाकट्या बहिणीला फोनवर सांगायचे, "एवढं कपाट झालं की येतेच." पहिली काही वर्षं ती हसायची. "ताई, तुझं कपाट म्हणजे मारुतीचं शेपूट गं." नंतर नुसतं "बरं" म्हणायला लागली.

मुख्यालयातून जायची रीत अगदी साधी होती. अर्ज चालत नसे. कामाच्या वेळी, आपल्या विभागासमोर तोंडाने सांगायचं, झालं. कोणी अडवत नसे. मी तीनदा अर्ज लिहिला. तिन्ही वेळा मामांनी घडी न उलगडता परत दिला. "कागद नको गं. बोल." आणि मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बोलते."

त्या शेवटच्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं. वाचता वाचता उठायचे, खिडकी लावायचे, पुन्हा उघडायचे. कार्ड काढायला जायचे आणि कोणतं ते विसरून परत यायचे. टेबलाखाली डावा पाय सारखा हलत राहायचा.

"हा पाय तुमच्या आधी घरी पोचणार," इस्त्रीबाई म्हणायच्या.

एका मंगळवारी तीनशे अठरा क्रमांकाचं पत्र समोर आलं. नाव कापलेलं होतं, पण पहिल्या काही ओळींतल्या 'ळ'चं वेटोळं मी ओळखलं. ते धाकटीला मीच गिरवायला शिकवलं होतं.

"माझी मोठी बहीण आपल्या मुख्यालयात नऊ वर्षं सेवा करते. आमची आई नाही. वडिलांना आता माणसं ओळखू येत नाहीत. ते मला बहिणीच्या नावाने हाक मारतात, मी ओ देते. मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे. महिनाअखेर हजर झाले नाही तर ती जाईल. वडिलांना प्रवास झेपणार नाही. बहिणीला ये म्हणू का? की तसं म्हणणं तिच्या सेवेच्या आड येणं होईल? आपण सांगाल तसं करीन."

हे शेवटचं वाक्य मी इतरांच्या पत्रांत दिवसातून वीस वेळा वाचत असे. त्या दिवशी त्याच्यापुढे सरकता येईना.

ओळखीच्या माणसाचं पत्र आलं तर तिथेच थांबून ते मामांना द्यायचं, असा नियम होता. मी दिलं नाही. उठले आणि 'नातेवाईक, सेवेतले' हा खण उघडला. पहिलंच कार्ड आमचं हुकमी कार्ड होतं: 'सेवेला निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये.' कार्ड पाठवलं की मागे पेन्सिलीची एक रेघ मारायची पद्धत होती. मी रेघा मोजल्या. एक्केचाळीस.

हे थोरले कोणाला म्हणाले होते? कार्डावरून कळायला मार्ग नव्हता. तो मीच बंद केला होता. पत्र आणि कार्ड टेबलावर तसंच ठेवून मी तळघरात थोरल्यांच्या पत्रव्यवहाराच्या मूळ वह्या शोधायला गेले. वही सापडेपर्यंत दुपारचे चार वाजले.

तो प्रश्न एका दारूच्या दुकानदाराचा होता. 'मुलगा दारू सोडायला आपल्याकडे येऊन तीन आठवडे झाले. इथे दुकानात हात कमी पडतो. त्याला परत बोलावू का?'

मी पायरीवर बसले. तापमान न लिहिता क्षार किती विरघळतो तेवढंच लिहावं, तसं मी केलं होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचेसुद्धा त्यात गुण कापतात.

वर येऊन मी वही मामांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला.

"वाक्य तर त्यांचंच आहे ना?"

"त्यांचंच. पण दारूवाल्याला लिहिलेलं. आपण ते एक्केचाळीस घरांना पाठवलं."

"म्हणजे सर्दीच्या पेशंटला प्लास्टर घातलं म्हणा की," इस्त्रीबाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही. त्यासुद्धा नाही.

मामांनी वही मिटली. "सगळ्या कार्डांवर प्रश्न पुन्हा चढवायला हवेत."

"हो."

"किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं. कमीत कमी."

"तुझ्याशिवाय कोणाला जमणार ते? चूक तुझ्या हातची, दुरुस्तीही तुझ्याच हातून होऊ दे."

ते रागाने बोलले नाहीत, आणि त्यांचं खरंच होतं. मला एकदम हलकं वाटलं. पाय हलायचा थांबला. थांबून राहायला इतकं चोख कारण मला नऊ वर्षांत मिळालं नव्हतं.

मामांनी टाइपरायटरमध्ये कागद घातला. "नवी कार्डं होईपर्यंत जुनीच चालवू. आजचं टपाल पाचला जायला हवं. तू खाली होतीस, तेव्हा इस्त्रीबाईंनी तुझी पत्रं उरकली. हे एकच उरलंय, त्याचं कार्ड तूच काढून ठेवलं होतंस."

कागदाच्या कोपऱ्यात तीनशे अठरा उमटलं. मग 'सेवेला'. मग 'निघालेल्या'.

"मामा, थांबा. ते पत्र माझ्या बहिणीचं आहे."

त्यांची बोटं वरच राहिली. "मग तू ते वाचायलाच नको होतंस."

"नको होतं."

"ठीक. इस्त्रीबाई दुसरं कार्ड शोधतील. रीत ती रीत."

"त्या खणात चौदा कार्डं आहेत," इस्त्रीबाई हळूच म्हणाल्या. "तेरा तरी हेच सांगतात, बाई."

"उत्तर मी देते," मी म्हणाले.

"कार्डावरून?"

"नाही."

मामांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. इस्त्रीबाईंनी कात्री खाली ठेवली. पाच वाजायला वीस मिनिटं होती. कामाचीच वेळ होती आणि आमचा सगळा विभाग, म्हणजे आम्ही तिघं, खोलीत हजर होतो.

"मी घरी जाते आहे, मामा. कार्डं चुकीची आहेत, ती तशीच टाकून जाते आहे. शनिवारी."